व्होन-रोमानेची वावरं

फेब्रुवारीतला शनिवार होता. घरी निफाड तालुक्यात आमच्या बागेची काढणी चालू होती, क्रेट भरले जात होते, काटा लावलेला, आणि अण्णांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं की आज व्यापाऱ्याचा टेम्पो येणार म्हणून दिवसभर फोन उचलणार नाही. आणि मी त्याच दिवशी फ्रान्समध्ये बरगंडीत, न्वी-सँ-जोर्ज नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरून, कानटोपी घालून द्राक्षाच्या वेलींमधून चालत होते, आणि तिथे एकाही वेलीवर पान नव्हतं. सगळ्या काळ्या वाकड्या काड्या. त्यांची छाटणी चालू होती.

ऑफिसच्या कामासाठी तीन महिने लियोंला होते, तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा इकडे यायचं. द्राक्षाच्या घरातली मुलगी फ्रान्सला जाते आणि आयफेल टॉवर बघून परत येते असं नको व्हायला. म्हणून बोनला गाडी बदलून न्वीला उतरले आणि तिथून तीनेक किलोमीटर चालत व्होन-रोमानेला गेले. लिहिताना Vosne मधला एस असतो पण बोलताना नाही, व्होन म्हणायचं. गावाचं नाव आधी नुसतं व्होनच होतं, १८६६ साली त्याला रोमाने जोडलं, आणि रोमाने हे कुठल्या राजाचं नाव नाही की देवाचं नाही, ते तिथल्या एका वावराचं नाव आहे. गावाने आपल्या वावराचं नाव स्वतःच्या नावाला लावून घेतलं! हे वाचलं तेव्हापासूनच मला ते गाव आपलं वाटायला लागलं होतं.

गाव बघायला गेलात तर दहा मिनिटांत संपतं. लोकवस्ती चारशेच्या आत. दगडी घरं, उंच भिंती, मोठी लाकडी दारं आणि त्यांच्यामागे वाईनची तळघरं, एक चर्च, बंद खिडक्या. उघडं दुकान मला एकही दिसलं नाही. ज्या गावाचं नाव ऐकलं की जगभरातल्या श्रीमंत लोकांचे डोळे चमकतात त्या गावात शनिवारी दुपारी एक मांजर आणि एक पोस्टाची गाडी एवढंच. मला हे खूप आवडलं खरंतर, कारण कुठे बोर्डांची गर्दी नाही, कुणी हात धरून आत ओढत नाही. गाव संपलं की लगेच वेली सुरू होतात, घराच्या भिंतीला चिकटून, इंचभर जागा वाया घालवलेली नाही.

वर टेकडीकडे चालत गेलं की एक दगडी क्रॉस येतो, कमरेएवढी भिंत आणि भिंतीच्या आत रोमाने-कोंती हे वावर. ज्याच्या वाईनचं जगात नाव आहे, हेच ते. १.८१ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबात साडेचार एकरला थोडं कमी. आमच्या गावात साडेचार एकरवाल्याला कुणी बडा शेतकरी म्हणत नाही. ह्या साडेचार एकरात वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि २०१८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात इथली १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. भिंतीवर पाटी आहे, की लोक बघायला येतात हे आम्ही समजू शकतो, पण कृपया रस्त्यावरच थांबा, बागेत शिरू नका. मी थांबले. बांधावरून दुसऱ्याच्या बागेत जायचं नाही हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं, चपलेला चिकटून रोग जातो.

ते ४५ साल नुसतं किमतीमुळे लक्षात ठेवायचं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड आली आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळल्या. ह्या टेकडीच्या पट्ट्यात ती १८७८ साली सापडली. शेवटी उपाय निघाला तो म्हणजे अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचं कलम. आमच्याकडे डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम करतात ना, तोच प्रकार, कारणं वेगळी, आपल्याकडे पाण्याची ओढ आणि खारवट जमीन. पण रोमाने-कोंतीवाल्यांनी कलम नाकारलं आणि जमिनीत औषध टोचून टोचून आपल्या जुन्या मुळांवरच्या वेली ६०-७० वर्षं जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात औषध मिळेना, माणसं मिळेनात, वेली थकल्या, आणि ४५ च्या शेवटच्या काढणीला फक्त सहाशे बाटल्या झाल्या. मग सगळं उपटलं. १९४७ ला नवीन लागण, आणि १९५२ पर्यंत रोमाने-कोंती नावाची वाईनच नाही. भिंतीपाशी उभं राहून मला त्या उपटायच्या दिवसाचाच विचार येत होता. ज्यांच्या घरी बाग तोडलेली आहे त्यांना माहितीये तो दिवस कसा असतो. आमच्या चुलत्यांनी वाईनची द्राक्षं लावली होती, एका कंपनीशी करार करून, मग कंपनीने दोन वर्षं माल नीट उचलला नाही आणि चुलत्यांनी बाग तोडली. त्या दिवशी काकू घराबाहेर आली नव्हती.

असो. तर रोमाने-कोंतीच्या वरच्या अंगाला, मधे फक्त एक पायवाट, ला रोमाने आहे, दोन एकर आणि तीन-चार गुंठे. हे वेगळं वावर, वेगळा मालक, कायद्याने वेगळं नाव, फ्रान्समधलं सगळ्यात छोटं वेगळं मानांकन असलेलं क्षेत्र. उत्तरेला रिशबूर. दक्षिणेला ला ग्रांद रू म्हणजे मोठी गल्ली, नावासारखंच लांबट पट्टीचं वावर. त्याच्या पलीकडे ला ताश. ताश म्हणजे नेमून दिलेलं काम, आपण एखाद्याला खुरपणी उक्ती देतो तसं. खाली गावाकडे रोमाने-सँ-व्हिव्हाँ, सँ-व्हिव्हाँच्या मठातल्या साधूंचं. मग ले शोम म्हणजे धसकटं, ले माल्कॉन्सॉर म्हणजे वाईट सोबती (अशा नावाचं वावर आमच्याही शिवेला आहे, भांडणावरून पडलेलं), ओ ब्रूले म्हणजे जळकं. चालताना ही नावं दगडांवर, भिंतींवर, कमानींवर कोरलेली दिसतात आणि तुम्ही एका वावरातून दुसऱ्यात गेलात की मातीचा रंगही जरासा बदलतो, चढ बदलतो.

ह्या नावाच्या वावरांना तिकडे क्लिमा म्हणतात. शब्द हवामानाचाच आहे पण बरगंडीत त्याचा अर्थ एक विशिष्ट तुकडा, ज्याची सीमा, माती, ऊन, उतार आणि नाव शेकडो वर्षं ठरलेलं आहे. दिजोंपासून बोनच्या खालपर्यंत अशी १२४७ नावं मोजलीत आणि २०१५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ह्या क्लिमांना जागतिक वारसा यादीत घेतलं. किल्ले आणि लेणी ज्या यादीत असतात त्या यादीत वावरं! त्यातल्या ग्रँ क्रू म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या वावरांच्या बाटलीवर गावाचं नावसुद्धा नसतं, नुसतं वावराचं नाव.

दर्जा कसा ठरला तर टेकडीवरून. पूर्वेकडे तोंड करून उतार, खाली चुनखडी आणि चिकणमाती, अगदी माथ्यावर माती पातळ आणि गार, खाली सपाटीला माती खोल आणि पाणथळ, मधल्या पट्ट्यात जमतं. मोठा रस्ता आहे, पूर्वीचा नॅशनल ७४, त्याच्या खालच्या बाजूची द्राक्षं साध्या वाईनला. आमच्याकडे पण असंच सांगतात की काळ्या भारी जमिनीत बाग फोफावते पण माल गोड होत नाही, मुरमाड बरडावर बाग चांगली येते. पूर्वी पावसाने माती खाली वाहून आली की इथले लोक पाट्या पाठीवर घेऊन ती परत वर नेऊन टाकायचे. आणि पाणी द्यायला परवानगीच नाही. मानांकनातल्या बागेला पाणी भरायचं नाही, वेलीने मुळं खोल घालून स्वतःचं स्वतः शोधायचं. ठिबकशिवाय बाग हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग फवारणीचं पाणी तरी चालतं ना?" ते चालतं, डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग तिकडेही आहेतच.

लागण तर इतकी दाट की बघून मी चक्रावले. मीटर बाय मीटर. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार, आपल्या नऊ बाय पाच फुटांच्या लागणीच्या चौपट. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारेवर कमरेएवढी झुडपं, आणि ट्रॅक्टर मधून जाऊ शकत नाही म्हणून उंच पायांचा ट्रॅक्टर वेलींच्या डोक्यावरून चालतो, काही जण तर अजून घोडा लावतात. एवढ्या वेली असून ग्रँ क्रू ला हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच्या आसपास मर्यादा, द्राक्षात मोजलं तर एकरी जेमतेम दोन टन. आम्ही दहा-बारा टन काढतो आणि तरी रडतो, पण आमची ती खायची द्राक्षं, दोन्हींची तुलना किलोवर करता येणार नाही हे मलाही कळतं.

मी गावाच्या वरच्या अंगाने फिरत होते तेव्हा धूर दिसला. एक म्हातारे आजोबा एकटेच छाटणी करत होते आणि शेजारी अर्ध्या कापलेल्या तेलाच्या ड्रमला चाक लावून केलेल्या गाड्यात कापलेल्या काड्या जळत होत्या, गाडा पुढे ढकलायचा, छाटायचं, काड्या टाकायच्या. थंडीत हात शेकायला पण होतो तो गाडा. मी बांधावर, म्हणजे पायवाटेवर उभी राहून बघत होते. पुण्यात असताना दोन वर्षं फ्रेंचचे क्लास केले होते, त्या भरवशावर बोंजूर म्हणलं. त्यांनी विचारलं पर्यटक का? मी म्हणलं, माझे वडील द्राक्ष करतात, भारतात. ते थांबले. मग मी त्यांच्या हातातल्या कात्रीकडे बोट दाखवून म्हणलं, आमच्याकडे याला सिकेटर म्हणतात. आजोबा हसले, त्यांनी ते हातात वर धरलं आणि म्हणाले, सेकातर. अख्खं आयुष्य मी हा शब्द घरात ऐकला, सिकेटर कुठे ठेवलं, सिकेटरला धार लाव, आणि मला कधी वाटलंच नव्हतं की हा ह्यांचा शब्द आहे.

मग त्यांनी मला एक वेल छाटून दाखवली. एक लांब काडी ठेवायची आणि खाली एक आखूड खुंटी दोन डोळ्यांची, पुढच्या वर्षासाठी. लांब काडीला ते 'बागेत' (baguette) म्हणतात, म्हणजे काडीच, त्या नावाचा पाव नंतर आला. आणि डोळ्याला डोळाच म्हणतात! फ्रेंचमध्ये फुटव्याच्या जागेला डोळा. ते बोट ठेवून मोजत होते, अँ, दे, त्रोआ, आणि मी मनात एक, दोन, तीन, कुठल्या डोळ्यावर कापायचं ते मला त्यांच्या आधी दिसत होतं. ऑक्टोबर छाटणीला शाळेतून आल्यावर अण्णांच्या मागे मागे फिरून मी हेच बघितलंय. फरक एवढाच की ते वर्षातून एकदा छाटतात आणि आम्ही दोनदा, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, कारण आपल्याकडे हिवाळा वेलीला झोपवत नाही, आपल्यालाच तिला झोपवून उठवावं लागतं. हे मला फ्रेंचमध्ये सांगता सांगता नाकी नऊ आले पण त्यांना कळलं, कारण दोनदा छाटणी म्हणल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मग वेल किती वर्षं जगते? बरोबर तोच प्रश्न. आमची बाग १५ वर्षांत थकते, त्यांच्याकडे ५०-६० वर्षांच्या वेली आहेत.

थंडीबद्दल पण बोलणं झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याची थंडी पडली आणि लोकांनी रात्रभर ओळींमध्ये मेणाचे मोठे डबे पेटवून ठेवले, टेकडीच्या टेकडी दिव्यांनी भरलेली. मी सांगितलं की निफाडला पारा खाली गेला की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या करतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. भारतात थंडी? त्यांना पटेना. मी फोनमध्ये फोटो दाखवला, कानाला मफलर बांधलेले अण्णा आणि मागे धूर. त्यांनी फोटो मोठा करून अण्णा नाही बघितले, मागचा मांडव बघितला.

अजून एक गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली ती मला फार लागली. तिकडच्या वाईनवाल्यांचा संत म्हणजे सँ व्हँसाँ, जानेवारीत त्याचा सण. त्याच्या नावाने गावोगावी मंडळं आहेत, ती मूळची एकमेकांच्या मदतीची. कुणी आजारी पडलं, पाय मोडला, तर बाकीचे जाऊन त्याची बाग छाटून देतात, कारण छाटणीची वेळ गेली की वर्ष गेलं. १९३८ पासून जानेवारीत ही सगळी मंडळं मिळून दर वेळी वेगळ्या गावात मोठी मिरवणूक काढतात, पहिली जवळच्याच शाँबोल-म्युझिन्यीला निघाली होती. एवढ्या लाखांच्या बाटल्या, पण खाली पाया काय तर सावड. आपला शब्द आहे हा, सावड, आणि आता आमच्या गावात तो फक्त म्हातारी माणसं वापरतात.

वाटण्यांचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखं. शेजारीच क्लो द व्हूजो आहे, सितो नावाच्या मठातल्या साधूंनी भिंत घालून केलेली ५० हेक्टरची बाग. क्रांतीत ती मठाकडून काढून घेतली तरी १८८९ पर्यंत एकाच मालकाकडे राहायची, आता त्याच भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत, कुणाच्या पाच ओळी, कुणाच्या दहा. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा, मुलींनाही, हे १८०४ पासून. माझं नाव सातबाऱ्यावर लागलं तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. आणि आता जमिनीचे भाव इतके झालेत की वारसा करच भरता येत नाही, घरं विकतात आणि पॅरिसचे मोठे उद्योगपती घेतात. ह्याच गावातल्या एका जुन्या घराण्याची बाग २००६ साली अशाच एका उद्योगपतीकडे गेली. पण गंमत बघा, मालक बदलला तरी वावराचं नाव तेच राहतं, ते कुणालाच बदलता येत नाही. जे वावर नकोसं झालं होतं त्याचंही राहतं. क्रो पारांतू नावाचं अडीच एकर वरच्या बाजूला आहे, खडकाळ, युद्धात तिथे खायचे कंद लावायचे. गावातल्या आँरी जाये नावाच्या माणसाने सुरुंग लावून खडक फोडून तिथे पुन्हा वेली लावल्या आणि १९७८ पासून त्या नावाने वेगळी वाईन केली. जाये २००६ ला गेले. आज ते नाव वाईनच्या जगात कुठल्या कुठे आहे.

आजोबांनी विचारलं, तुझ्या वडिलांकडे किती ऊव्हरे? ऊव्हरे म्हणजे एका माणसाचं बागेतलं एका दिवसाचं काम होईल एवढी जमीन, अजून ते लोक त्यातच बोलतात, साधारण सव्वाचार गुंठे बसते. मी मोबाईलवर हिशोब केला, साडेतीन एकर, तेहतीस ऊव्हरे. बरं, म्हणाले, आणि नाव काय?

मी गावाचं नाव सांगितलं. नाही नाही, वावराचं.

माझ्या तोंडात गट नंबर आला. तोच मला पाठ आहे, ऑनलाईन सातबारा काढताना टाकावा लागतो. आमची जमीन दोन ठिकाणी आहे आणि मला फक्त एवढं आठवत होतं की एकाला मळा म्हणतात आणि दुसऱ्याला वरचं. ते थांबून बघत होते आणि मला भारतातल्या आमच्या जमिनीचं नाव सांगता येईना.

आपल्याकडे नावं नव्हती असं नाही हो. पेशवाईच्या कागदांत थळझाडे असायचे, कुठलं थळ कुणाचं याची नावानिशी यादी. मग इंग्रजांनी मोजणी करून सर्व्हे नंबर दिले, मग १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानंतर एकत्रीकरण झालं आणि गट नंबर आले. नंबर हवेतच, त्याशिवाय कर्ज नाही, पीकविमा नाही. पण फ्रान्सलाही नेपोलियनच्या काळात मोजणी झाली, नंबर पडले, आणि त्यांच्या नकाशावर नंबरासोबत नावही राहिलं. आपल्या कागदावरून नाव गेलं आणि मग हळूहळू तोंडातूनही जायला लागलं. नाशिकच्या द्राक्षांना जीआय मानांकन आहे, चांगलंच आहे, पण ते अख्ख्या जिल्ह्याला. कुठल्या बरडावरचा माल कसा लागतो हे आमच्या गावात अजून दहा-बारा माणसं डोळे झाकून सांगतील, त्याला कागद नाही.

न्वीला परत येऊन स्टेशनजवळ कॉफी घेऊन बसले आणि राहवेना म्हणून घरी फोन लावला. टेम्पो गेलेला होता, अण्णा दमलेले, भाव पडला म्हणून गप्प होते. मी म्हणलं अण्णा, आपल्या वावरांची नावं सांगा. कशाला? सांगा ना. मग ते म्हणाले चिंचेचा मळा, त्याच्या खालची खळवट, पांधीतलं, म्हसोबाचं, वरचं बरड, आणि नानांकडे वाटणीत गेलं ते इनामाचं. मी बिलाच्या मागे लिहून घेत होते. मागून आजीचा आवाज आला, कोण विचारतंय, आणि तिने फोन घेतला. तिला मी सांगितलं की इथे प्रत्येक वावराला नाव आहे आणि दगडावर कोरून ठेवलंय. ती म्हणाली, काय काय नावं आहेत? मी सांगत गेले, मोठी गल्ली, धसकटं, वाईट सोबती. जळकं.

"मग आपलं पण आहे की जळकं," आजी म्हणाली, "ओढ्यापल्याडचं. तुझ्या पणज्याची कडब्याची गंजी पेटली होती तिथं."

अण्णांना हे माहीतच नव्हतं. ते त्याला आयुष्यभर ओढ्यापल्याडचंच म्हणत आले.